दोन घरांचा पूर

पुराचा विमा घ्यायचा, हे मारिसेलानं ठरवलं ते एका ओल्या मोज्यावरून. मे महिन्यात दुपारची एक सर येऊन गेली. वादळ नाही, वारा नाही, नुसती सर. तरी गल्लीतलं पाणी पायरीपर्यंत चढलं आणि पायरीवर बसलेल्या नायेलीचा डावा मोजा भिजला. नायेली दीड वर्षाची, तिला मजा वाटली. तिच्या आईला मात्र काळजी वाटली. (मारिसेलाला काळजी वाटायला फारसं काही लागत नसे. नायेली शिंकली की वाटे, आणि बराच वेळ शिंकली नाही तरी वाटे.)

"साध्या सरीला पाणी पायरीला लागलं," ती नवऱ्याला म्हणाली. "खरंखुरं वादळ आलं तर कुठं लागेल?"

"घराचा विमा आहे ना," रामिरो म्हणाला. तो बंदरावर क्रेन चालवायचा आणि उरलेल्या वेळात अंगणातल्या होडीकडे बघत बसायचा. होडीला मोटर नव्हती. मोटरसाठी तो पैसे साठवत होता. तोवर होडीत नायेलीची वाळूची बादली आणि शेजाऱ्यांची मांजर राहत होती.

"त्यात पूर येतो का पण?"

"विमा म्हणजे विमा. त्यात सगळं येतं."

इतक्या खात्रीनं रामिरो बोलला की तो चुकीचं बोलतोय, हे मारिसेलाला लग्नानंतर लवकरच कळायला लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन विम्याच्या एजंटकडे गेली. मिस प्रूइट म्हणून एक पोक्त बाई होत्या. सगळं कॉर्पस क्रिस्टी शहर समुद्राच्या मांडीवर बसलंय आणि कुणी विचारायला येत नाही, याचंच त्यांना दुःख होतं. मारिसेलाला बघून त्यांनी खुर्ची स्वतः पुसली.

"हे बघ पोरी," त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं छप्पर उडालं तर वाऱ्याची पॉलिसी. आग लागली, नळ फुटला तर घराची. आणि पाणी जमिनीवरून सरपटत येऊन उंबऱ्यातून आत शिरलं तर तो पूर. त्याची पॉलिसी वेगळी. त्यातही घराचं वेगळं लिहायचं, सामानाचं वेगळं. आज घेतलीस तर महिन्यानं लागू होईल. वादळ आखातात शिरलं की माझ्या दाराशी रांग लागते, पण तेव्हा मी फक्त कॉफी पाजू शकते."

"रामिरो म्हणतो पुराच्या नकाशात आमची गल्ली धोक्याच्या रंगात नाही."

"धोक्याच्या रंगात नसलेल्या लोकांचे ओले गालिचे मी किती बघितलेत म्हणून सांगू."

मारिसेला पॉलिसी घेऊनच घरी आली. मोटरचे पैसे त्यात गेले. रामिरो बराच वेळ होडीकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. एक वर्ष. या वादळांच्या मोसमात पाणी आलं नाही, तर पुढच्या वर्षी पॉलिसी बंद आणि मोटर आणायची. कबूल?"

मारिसेलाला कबूल म्हणावंच लागलं. पण तेव्हापासून तिची झोप उडाली. आधी तिला नुसती पुराची काळजी होती. आता पूर न येण्याचीही काळजी लागली.

सासूबाई एलवीरा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या, तरी टोमणा वेळेवर पोचायचा. "आमच्या वेळी वादळ आलं की आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकायचो आणि जपमाळ घेऊन बसायचो," त्या फोनवर म्हणाल्या. "माळेला हप्ता लागत नाही."

घरात कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मारिसेलानं शेजारी धरले. पलीकडच्या घरात कुबालाकाका एकटेच राहायचे. सगळा जन्म कोळंबीच्या बोटीवर गेलेला, आता गुडघे गेले म्हणून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. त्यांचं घर गल्लीत सगळ्यात खाली. मारिसेला दर रविवारी गोड पाव घेऊन जायची आणि पावाबरोबर पुराचं तोंडीलावणं द्यायची. शेवटी काकांनी पॉलिसी काढली. "पाव सुखानं खाता यावा म्हणून काढली," असं ते गल्लीत सांगायचे. मारिसेलाला त्याचंही काही वाटलं नाही. एक घर तरी आपण वाचवलं, असं तिला वाटलं.

ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरात मात्र आखातात एक वादळ उठलं. नाव होरेस. टीव्हीवर होरेस गरगर फिरत थेट कॉर्पस क्रिस्टीकडे निघालेला दिसायला लागला, आणि मारिसेला तयारीला लागली. खिडक्यांना फळ्या, पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या, डबाबंद घेवडा. वादळात नळाचं पाणी जातं, म्हणून धुण्या-सांडण्याला टब भरून ठेवायचा, हे तिथं प्रत्येक घरात करतात. मारिसेलानंही नळ सोडला. पण सगळे करतात तेवढंच करून तिचं समाधान कसं व्हावं? टबाला वरच्या बाजूला एक भोक असतं, पाणी जास्त झालं की तिथून आपोआप निघून जातं. मारिसेलाला ही शुद्ध उधळपट्टी वाटली. तेवढीच वीतभर पातळी वाढेल म्हणून तिनं त्या भोकाला रुंद चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन थर, आणि वरून हातानं थापटलं. मोठं काम केल्यासारखं वाटलं तिला.

तेवढ्यात फोन किंचाळला. रामिरोचाही किंचाळला. समुद्राकडच्या वस्त्यांनी ताबडतोब घरं सोडावीत, असा हुकूम होता.

मग जे झालं त्याला पळापळ हा शब्द फार लहान आहे. नायेलीनं एक बूट संडासात टाकला. एलवीराबाई आल्या त्या सहा पिशव्या आणि गोधडीत गुंडाळलेली ग्वादलूपेच्या देवीमातेची मूर्ती घेऊन, आणि देवी सामानात ठेवायला तयार होईनात. "ती पुढे बसेल," त्या म्हणाल्या. देवी पुढे बसली, मारिसेला मागे दाटीवाटीत. गाडी निघता निघता तिनं तीनदा थांबवली आणि तीनदा घरात पळत जाऊन आली. गॅस बंद आहे ना, इस्त्री काढली ना, देवापुढची मेणबत्ती विझवली ना. जे जे म्हणून पेटू शकतं, ते ते तिनं तपासलं. पाणी तपासायचं तिच्या मनातही आलं नाही. पाण्यापासूनच तर पळत होते सगळे.

"आता तरी निघायचं का?" रामिरोनं विचारलं. "का टोस्टरचा पण निरोप घ्यायचाय?"

समुद्रापासून लांब, सॅन अँटोनियोला रामिरोच्या भावाकडे उतरले. दोन खोल्यांत नऊ माणसं आणि देवी. सगळ्यांचे डोळे टीव्हीला लागलेले. भावानं तिथूनच मिस प्रूइटना फोन लावून बघितला, आईच्या घराला पुराची पॉलिसी मिळेल का म्हणून, आणि कॉफीला या असं उत्तर मिळालं. तेव्हा मारिसेलानं फक्त एकदा रामिरोकडे बघितलं. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं त्याला.

पण दुसऱ्या दिवशी होरेसनं तोंड फिरवलं. दक्षिणेला, जिथं नुसती गाईगुरांची कुरणं आहेत, तिकडे जाऊन पडला. कॉर्पस क्रिस्टीत शिंतोडे. खोलीत सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मारिसेलानंही मारल्या. तिला खरंच बरं वाटलं होतं. फक्त मनाच्या एका कोपऱ्यात, जिथं देवीची नजर पोचू नये असं तिला वाटत होतं, तिथं ती म्हणत होती की थोडंसं यायला काय हरकत होती. कुणाला लागणार नाही, काही बुडणार नाही, असं बोटभर. नुसतं दाखवायला.

"मोटर कुठल्या कंपनीची घेऊ रे?" रामिरोनं भावाला विचारलं, मुद्दाम मोठ्यानं.

एलवीराबाईंनी माळ कपाळाला लावली. "बघितलंस सूनबाई? बिनहप्त्याची पॉलिसी."

मग सगळे परत निघाले. गल्लीत शिरले तेव्हा लोक खिडक्यांच्या फळ्या काढत होते, पोरं सायकली फिरवत होती, रस्ता खडखडीत कोरडा. रामिरो शीळ घालत होता. घरासमोर आल्यावर शीळ थांबली.

त्यांच्या दाराखालून पाणी येत होतं. पायरीवरून उतरून, गाडीच्या वाटेनं, उतारानं संथपणे कुबालाकाकांच्या गॅरेजकडे निघालं होतं.

मारिसेला गाडीतून उतरली. मग ती वळून म्हणाली, "बघ."

"बघतोय."

"नकाशात नाही ना आपण? विम्यात सगळं येतं ना?"

"मारिसेला, रस्ता कोरडा आहे."

"पाणी ओसरलं असेल. ओसरतंच पाणी." तिनं तिथंच गवतावर उभं राहून मिस प्रूइटना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. आवाज रडवेला ठेवायचा तिनं खूप प्रयत्न केला. "बाई, मी मारिसेला. आमच्याकडे पूर आला," ती म्हणाली, आणि ते एखाद्याला मुलगा झाल्यासारखं ऐकू आलं.

"पूर?" बाई म्हणाल्या. "मला आज सकाळपासून कुणी शिंकल्याचासुद्धा फोन आलेला नाही. तुझ्या एकटीकडे आला? नियमानं पुराला निदान दोन घरं तरी पाण्याखाली जावी लागतात गं, नाहीतर तशी मोठी जमीन. एकाच घरात आला तर त्याला पूर म्हणत नाहीत."

त्याच वेळी बोटीवरचे पांढरे बूट घातलेले कुबालाकाका गॅरेजमधून फचक फचक करत बाहेर आले. "घोटाभर," ते म्हणाले. "फ्रीझर बसला. सगळी कोळंबी गेली."

"दोन घरं झाली, बाई," मारिसेला फोनमध्ये म्हणाली.

काकांनी येऊन फोनसकट तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, तू मागे लागली नसतीस तर मी काय केलं असतं? मी तुझी चेष्टा केली. देव तुझं भलं करो."

मारिसेलाच्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा क्षण. एलवीराबाई बाजूला उभ्या राहून छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. सून खरी ठरलेली बघायची त्यांना सवय नव्हती. हा क्षण साधारण रामिरोला कुलूप उघडून आत जायला आणि बाहेर यायला जेवढा वेळ लागला, तेवढाच टिकला. तो बाहेर आला तेव्हा त्याची पँट घोट्यापर्यंत भिजली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मारिसेला," तो हळू आवाजात म्हणाला, "पुराला नळ असतो का?"

काकांनी तिचे हात सोडले. एकदम नाही, एकेक बोट करून.

"काय म्हणतोय तो?" फोनमधून मिस प्रूइटनी विचारलं. "पाणी बाहेरून आत आलंय का आतून बाहेर गेलंय?"

"तसं... आतून," मारिसेला म्हणाली. "टब भरायला ठेवला होता. आणि ते वरचं भोक... म्हणजे मी जरा चिकटपट्टी..."

 बाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी हा पूर नाही, पोरी. तो घराच्या पॉलिसीत बघू. त्यातला पहिला हिस्सा तुमचा तुम्हीच सोसायचा असतो, आणि तुमची फरशी बहुतेक त्या हिश्श्यातच संपेल."

काकांनी फोन मागून घेतला. "आणि माझ्यासाठी? माझ्याकडे तर बाहेरूनच आलंय. जमिनीवरून सरपटत. तुम्ही सांगितलं तसंच."

"काका," मिस प्रूइट म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे काम करतेय. मला वरच्या ऑफिसला विचारावं लागेल."

वरच्या ऑफिसनं पुष्कळ विचार केला आणि याला पूर म्हणता येत नाही असं कळवलं. मग नवा फ्रीझर आला तो रामिरोच्या ओव्हरटाइममधून. मोटरचं नाव त्यानं काढलं नाही. तो नुसता रोज कामावरून आला की फुगलेली लाकडी फरशी उचकटायचा, भिजलेल्या पुठ्ठा-प्लास्टरच्या भिंतींचे लगदे झालेले तुकडे पाट्या भरभरून बाहेर टाकायचा. पाणी जमिनीवर घोटाभर होतं, पण भिंतींनी ते गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं होतं. गल्लीतले लोक येऊन उभे राहायचे, त्या ढिगाकडे बघायचे आणि आपापल्या उंबऱ्याकडे नजर टाकत परत जायचे. मारिसेला मान खाली घालून नायेलीला भरवत बसायची. वर्ष संपलं की पॉलिसी बंद, हे तिनं मनाशी धरलंच होतं. कुठल्या तोंडानं मागणार?

एका रविवारी रामिरो ढिगावर टेकला. घाम पुसत म्हणाला, "हे सगळं नुसत्या एका टबाचं."

"हो," ती म्हणाली.

"समुद्र टबापेक्षा मोठा असतो."

"असतो."

"उद्या प्रूइटबाईंकडे जाऊन पुढच्या वर्षीचं भरून येतो. आईच्या घराचं पण विचारतो."

तो गेला तेव्हा तिथं रांग होती. आखातात वादळ नव्हतं, आकाश निरभ्र होतं, आणि अर्धी गल्ली मिस प्रूइटच्या दारात उभी होती. बाईंनी मारिसेलाला ऑफिसमधून केक पाठवला. इतक्या वर्षांत छापील कागद वाटून जे झालं नाही ते तू एका नळानं केलंस, असा निरोपही पाठवला. पूर कसा येतो हे तिनं गल्लीला समजावून सांगायचं म्हटलं होतं, ते झालं. फक्त सांगण्याची रीत जरा ओली झाली.

तिकडे जुने लोक एक करतात. मोठ्या वादळात पाणी चढलं की भिंतीवर जिथवर चढलं तिथं रेघ मारून वादळाचं नाव लिहितात. कुबालाकाकांनी नवा फ्रीझर बसवल्यावर ब्रश घेतला, गॅरेजच्या बाहेरच्या खांबावर घोट्याच्या उंचीला निळी रेघ ओढली आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मारिसेला. त्या रविवारी मारिसेलानं गोड पाव नेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं. बाई तरुण होती, कडेवर तान्हं मूल, डोळ्यांत काळजी. गल्ली बघत बघत ती त्या खांबापाशी थांबली, रेघ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मारिसेला तेवढ्यात कचऱ्याची पेटी लावायला बाहेर आली होती.

"ताई," ती नवी बाई म्हणाली, "हे मारिसेला वादळ फार मोठं होतं का हो? तुम्ही होतात का तेव्हा इथं?"

मारिसेलानं खांबाकडे बघितलं, मग त्या बाळाकडे, मग आपल्या चपलेकडे.

"नाही हो," ती म्हणाली. "आम्ही तेव्हा सॅन अँटोनियोला गेलो होतो."