गाडेकरांनी खाडीची आळी पसंत केली त्याची हकीकत

श्री. जमीन कोठे सरावी आणि पाणी कोठे सुरू व्हावे हे ज्याने ठरविले, त्यास दंडवत घालोन हकीकत लिहिणे ऐसी जे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, ज्या वर्षी गाडेकरांची धाकटी लेक यमुना लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षी माघमासी राज्य हलविण्याची मसलत उभी राहिली. राज्य म्हणावे तर घाटमाथ्यावरील तीन खोल्या; राजे आप्पाराव गाडेकर, राणी गिरजाबाई, आणि प्रजा होती ती लग्ने होऊन पांगली. आप्पारावांची हयात बैलबाजारात दलालीत गेली. खांदा, खूर आणि शेपटीचा भोवरा पाहोन ते बैलाची खोड ओळखीत, आणि आसपासच्या तालुक्यांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. गिरजाबाईंस दमा होता. मग गावाशेजारी खडी फोडण्याची यंत्रे बसली, आणि रात्रंदिवस धुरळा उडो लागला, आणि राणीसाहेबांचा श्वास दाराशी येऊन मागे फिरो लागला. मग डॉक्टरांनी हुकूम केला की, समुद्राकाठी जावे, हवा मोकळी असावी आणि घर कोरडे असावे. ओल लागली तर बाई हाती लागणार नाहीत. हा हुकूम आप्पारावांनी शिरसावंद्य केला. बायको वाचवावी, याहून दुसरी मोहीम त्यांस उरली नव्हती.

मग पंचांग पाहोन फाल्गुन शुद्ध दशमीस उभयतांची स्वारी एस.टी.त बसोन घाट उतरली आणि सागरतीरीच्या शहरी दाखल झाली. शहराचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे पेडणेकर म्हणोन घरांचा दलाल होता, त्याने रिक्षात घालोन दोन ठिकाणे दाखविली. एक टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर; भिंती खडखडीत, वारा भरपूर, परंतु लिफ्ट नाही. दुसरे खाडीच्या आळीत, मुरकर नामे गृहस्थाचे बैठे घर. पुढे अंगण, समोर गणपतीचे देऊळ, माडांची सावली, आणि खाडी तर दूर खाली आरशासारखी निपचित पडली होती. आप्पाराव घराभोवती फिरले, भिंतीवर थाप मारोन पाहिली, आढे पाहिले, विहिरीचे पाणी चाखिले, आणि बैल पसंत पडावा तैसी मान हलविली. गिरजाबाई पायरीवर बसल्या होत्या, त्या बोलिल्या, "अहो, मला त्या टेकडीवरच ठेवा."

"तीन जिने हायेत. तुला दोन पायऱ्यांत धाप लागती."

"एकदा चढंन की. मग उतरायचं कशाला? खाली माझी कोण सासू बसलीया?"

"आन् तुळस कुठं लावायची? खिडकीला टांगायची?"

राणीसाहेब हसल्या, आणि खोकला आला, आणि बोलणे तेथेच राहिले.

जनावर दोनदा पाहावे, एकदा उभे आणि एकदा चालते, हा आप्पारावांचा कायदा. म्हणोन चैत्र वद्य दशमीस, दिवस चांगला काढोन, पुन्हा स्वारी आली. आळीत चार घरी चहा जाहला. हरएक घरी खाटेच्या पायांखाली जांभ्या दगडाचे चिरे लाविलेले दिसले. आप्पारावांनी मनी म्हटले, या मुलखी खाटेखाली भांडी ठेवण्याचा रिवाज असेल. मुरकरांची वृद्ध आई ओसरीवर सुपारी कातरीत होती. ती मान वर न करिता बोलिली, "पावण्यानु, दशमीक घर बगूक इलास? अवसेक येवा. अवसेक बगा नि मगे काय ता ठरवा."

मुरकर लगबगीने मध्ये आले आणि म्हणाले, "म्हातारी आहे हो. काहीबाही बोलते. तुम्ही चहा घ्या."

वाटेत गिरजाबाई म्हणाल्या, "म्हातारी उगंच बोलायची न्हाई. इचारा तरी काय ते."

आप्पाराव संतापले. म्हणाले, "अवसंला म्हणं घर बघा! अवसंला मी जन्मात म्हैस बघितली न्हाई. असल्या अभद्र तोंडाला काय इचारायचं?" आणि दुसरे दिवशी सौदा पक्का केला, आणि घाटावरील तीन खोल्या विकोन वैशाख शुद्ध दशमीस खाडीच्या आळीत राज्याभिषेक जाहला. राणीसाहेबांस पहिला महिना बरा गेला. तुळस लाविली, देवळाच्या पायरीपर्यंत चालत जाऊ लागल्या. ज्येष्ठी अवसेस गटारातून अंगणात पाणी आले, ते आप्पारावांनी नळ फुटला म्हणोन खराट्याने लोटून दिले. मग पावसाळा लागला आणि आषाढी अवस आली. त्या दिवशी भर दुपारी खाडीस उधाण आले, आणि वरून पाऊस, आणि पाणी दाराने न येता मोरीतून वर आले, जैसा फितूर किल्ल्यातूनच उठावा. घटकेत पाणी गुडघ्यास लागले. आप्पारावांनी राणीसाहेबांस खाटेवर उभे केले आणि आपण पाण्यात उभे राहोन त्यांची कंबर धरिली. खिडकीतून समोरच्या शेवंतीबाई सावंत ओरडल्या, "अहो गाडेकर, खाटेखाली चिरे घाला, चिरे! आळीतल्या सगळ्या खाटा उंच. तुम्हांला काय वाटलं, आम्ही उंच लोक?"

तेव्हां आप्पाराव समजले. शुभ दिवस शोधशोधोन ते आले ते नेमके पाणी निजलेले असे तेव्हां आले. आळीतील लहान पोरासही ठाऊक की, भरतीचा जोर अवसेस आणि पुनवेस. मग दर पंधरा दिवसांनी गनीम येऊ लागला आणि खंडणी म्हणोन भिंतीचा एकेक हात नेऊ लागला. चुना फुगला, कोपऱ्यांत काळी बुरशी चढली, गाद्या वाळेनात. राणीसाहेबांस बसोन झोप घ्यावी लागे. वाफेचे यंत्र आणिले, औषधे बदलली, उपाय चालेना. टेकडीवरची जागा अद्याप रिकामी होती, परंतु हे घर विकल्यावाचोन ती घेण्याचे बळ राज्यात नव्हते.

मग आप्पारावांनी शेवटची मसलत केली. आश्विनात पाऊस ओसरला, तेव्हां भिंतींस ताजा चुना दिला, आणि दसऱ्याचा मुहूर्त धरोन गिऱ्हाईक बोलाविले. खाटेखालचे चिरे काढोन मागील दारी नेले. राणीसाहेबांस म्हणाले, "खोड सांगून कुणी बैल इकलाय का? तू फकस्त गप ऱ्हा. महिन्याभरात तुला पाठीवर घिऊन टेकडी चढतो." राणीसाहेबांनी मान हलविली. गिऱ्हाईक घाटावरचेच, तरुण मास्तर आणि त्याची बायको, कडेवर लेकरू. घर पाहिले, अंगण पाहिले, खाडी पाहिली. मास्तर म्हणाला, "काका, इतकी शांत जागा आम्ही कुठंच बघितली नाही." आप्पाराव म्हणाले, "शांतच हाय." मग मास्तराच्या बायकोने लेकरू खाली सोडिले, आणि ते पोटावर सरकत खाटेपाशी आले, आणि भुईवर गाल टेकून पडले. राणीसाहेबांनी त्याजकडे पाहिले आणि श्वास जमवून बोलिल्या, "पोरी, लेकरू उचल. या घरात पाणी येतं."

मुलीने लेकरू उचलिले. मास्तराने आप्पारावांकडे पाहिले आणि चपला घातल्या. ते वळणाआड जाईतो राजा दारात उभाच होता. मग आत येऊन म्हणाला, "काय केलंस हे, गिरजे? आता कोण घेतंय?"

"तुम्ही बैल इकत व्हता तवा मी कधी मधी बोलले न्हाई. हे बैल न्हवं."

 आप्पाराव मागील दारी गेले आणि एकेक चिरा उचलोन आणिला, आणि राणीसाहेब खाटेवर असतानाच खांदा लावोन एकेक पाय उचलिला आणि चिरे पुन्हा सारिले. त्यानंतर कोणी गिऱ्हाईक आले नाही. गोष्ट शहरभर जाहली होती.

सारांश इतकाच की, राजा पारखी होता आणि घर दोनदा पाहिले होते. राणीची मसलत खरी होती, ती मानिली नाही. आप्पाराव अद्याप त्याच आळीत राहतात. गिरजाबाई आप्पाराव गाडेकर शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरी, कार्तिक वद्य षष्ठीस सकाळी वारल्या.