वाणाची घोडी

आदिनाथ स्वतःच्याच घरात मागच्या दारानं शिरायला लागला, त्याला कारण धोंड्याचा महिना. पुढच्या दारात घोडी बांधलेली होती, आणि ती सासऱ्यांनी दिलेली होती. धोंड्यात जावयाला मिळालेलं वाण परत करायचं नसतं. केलं, तर सासऱ्यांचा अपमान आणि बायकोचा अबोला दोन्ही एकदम पदरात पडतात.

तसा दोष त्याच्या जिभेचाच. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. वैरागला सासुरवाडीत पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले, की माणसाला नसलेलं घराणं आठवतं. "आमच्या आजोबांच्या दारात घोडं असायचं, आप्पा. रपेट मारल्याबिगर त्यांना जेवण गोड लागायचं न्हाई," असं तो बोलून गेला. वास्तविक आजोबा घोड्यावर बसले ते एकदाच, स्वतःच्या लग्नात. पण आप्पांचे डोळे चमकले.

"मग चांदीची वाटी कशाला? जावयाला शोभंल असंच वाण देतो की!"

दुसऱ्याच दिवशी सोलापुरात त्याच्या दाराशी टेम्पो थांबला.

घोडीचं नाव चिमणी. अंगानं ठेंगणी, रंगानं काळपट, आणि नजर अशी, की बघणाऱ्याला आपली सगळी पापं आठवावीत. माहेरचं जित्राब आलं म्हणून ऋतुजा हरखून गेली. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं आणि नव्या नवरीला ठेवतात तसं तांदळाचं माप पुढं ठेवलं. चिमणीनं सावकाश पाठ फिरवली आणि मागच्या पायानं माप असं उडवलं, की तांदूळ शेजारच्या मल्लव्वानं वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडले. मग तिनं आदिनाथकडं बघून दात दाखवले. आदिनाथ आत पळाला तो थेट कपाटामागं.

"अवो, बुजलीय ती," ऋतुजा म्हणाली. "नव्या घरात रुळायला वेळ लागतो. मी न्हवते का आठ दिवस रडत?"

"तू लाथा मारत न्हवतीस."

"मनात लई आलं होतं."

त्या दिवसापासून पुढचं अंगण चिमणीचं झालं. स्कूटर तिच्या पलीकडं अडकली, म्हणून आदिनाथ मागच्या बोळातून निघून चिंचोळी एमआयडीसीला कंपनीच्या बसनं जायला लागला. पेपरवाला रस्त्यावरूनच पेपर भिरकावायचा, आणि तो चिमणी खायची. ऋतुजा मात्र खुशाल तिच्या मानेवरून हात फिरवायची. आज हिचा हात कोपरापासून जाणार, या भीतीनं आदिनाथ खिडकीआडून देवाचा धावा करायचा.

त्यातच आप्पांचा फोन आला. "जावई, रविवारी येतो. तुमाला घोडीवर बसल्यालं बघायचंय. भावकीत समद्यांना सांगून ठिवलंय."

फोन ठेवून आदिनाथनं हिशेब मांडला. बसलो नाही, तर वैरागात तोंड दाखवायला जागा नाही. बसलो, तर दाखवायला तोंडच राहणार नाही.

मल्लव्वानं उपाय सांगितला. "जनावर पोटाच्या वाटेनं जवळ येतंय बघा. तुमच्या हातानं खायला घाला. कुदुरी हाय ती, हुली न्हवं."

कुदुरी म्हणजे घोडी आणि हुली म्हणजे वाघ, एवढं कानडी शेजारामुळं आदिनाथला येत होतं. त्यातल्या त्यात वाघ परवडला, असं त्याचं मत होतं.

तरी त्यानं धीर केला. जाळी काढायची लांब काठी घेतली, तिच्या टोकाला सुतळीनं कडक भाकरी बांधली आणि खिडकीच्या गजांतून पुढं केली. चिमणीनं भाकरी खाल्ली, सुतळी खाल्ली आणि काठीही ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी छत्री गेली, मग पडद्याचा दांडा. घरात लांब असं काही उरलं नाही, तेव्हा तो नुसत्याच भाकऱ्या फेकायला लागला. हळूहळू चिमणीला त्याची चाहूल पाठ झाली. तो मागच्या बोळात आला, तरी ती पुढच्या अंगणात खूर आपटायची. हे उघड धमकावणं आहे, असं आदिनाथ समजून चालला.

रविवारी त्यानं शर्टाच्या खिशात कडक भाकरीचे तुकडे कोंबले, देवाला नारळ बोलला आणि पुढचं दार उघडलं. फाटकाशी जीप थांबली, आप्पा खाली उतरले, आणि त्याच वेळी चिमणीनं मान झटकून खुंटा उपटला. ती सरळ त्याच्याकडं निघाली. पळा, असं त्यानं पायांना सांगून पाहिलं. पाय ऐकेनात. त्यानं डोळे गच्च मिटले. छातीवर गरम श्वास आला, दात लागले आणि कडाकड आवाज झाला.

'बरगडी गेली,' आदिनाथच्या मनात आलं. 'पण दुखत कसं नाही? मेलो वाटतं.'

मग खांद्यावर काहीतरी जड येऊन टेकलं. त्यानं एक डोळा उघडला. चिमणीची मान होती. खिसा फाटला होता, बरगड्या जागेवर होत्या. आप्पा मात्र फाटकात नव्हते. ते मल्लव्वाच्या कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले होते आणि एका हातानं टोपी सावरत होते.

"जावई, हलू नगा! ...न्हाईच हलला की वं! काळीज हाय का दगूड?"

"आप्पा, तुमी वर कशाला चढलाय?"

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आला. "कुनाला सांगू नगा. तीन वर्सं ह्या बयेनं मला माझ्याच घरात म्होरल्या दारानं जाऊ दिलं न्हाई. बाजारात न्हेली, तर कुनी दावं हातात धरंना. मग तुमच्या आज्याचं घोडं ऐकलं आन् म्हटलं, वाण दिलं की परत येत न्हाई."

"आणि आज बघायला आलात ते?"

"तुमी धड हाय का, ते बघायला. लेकीचं कुंकू हाय, जावई. झोप लागंना मला."

इतके दिवस एकट्यानं भ्यायलेल्या आदिनाथला एकदम भरून आलं. "आप्पा, आमचे आजोबा वरातीतच घोड्यावरून पडले. पुढं मांडवात चालत गेले."

आप्पांनी मान डोलावली. त्यांना राग आला नाही. उलट चेहरा सैल झाला. भाकरी संपली तशी चिमणी पेपरकडं वळली. आप्पा भिंतीच्या बाहेरच्या अंगानं उतरले, आदिनाथही हळूच फाटकाबाहेर निसटला. "चला, मागल्या दारानं जाऊ," आप्पा म्हणाले, आणि सासरे-जावई बोळातून गेले.

मागच्या पायरीवर पाय धुवायला पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. शेजारी दोन टॉवेल घडी घालून ठेवले होते.

"या आप्पा," आतून ऋतुजा म्हणाली. "लग्नाआधी वैरागला तुमचं पाणी मी मागल्या दारीच ठेवत होते की. आता दोघांचं ठेवते."