पास्कल अंकलचा क्लिकर

आमच्या नायगावच्या इमारतीत लिफ्टचं दार नीट लावलं की मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि हातावर एक फुटाणा पडतो. देणारे पास्कल अंकल, तिसरा मजला. मुठीत प्लास्टिकची डबी असते, क्लिकर. कुत्र्यांना शिकवायची वस्तू. जनावर बरोबर वागलं की त्याच क्षणी टक् करायचं, मग खाऊ द्यायचा. ओरडायचं नाही, बोलायचंही नाही.

“मग माणसांवर कशाला?” मी विचारलं.

“माझा अंगठा उशिरा पडतो, पाटील. जॉलीवर चुकलो तर ती वाकडं शिकेल. तुम्ही वाकडं शिकलेलेच आहात.”

आमच्या विंगेत अठ्ठावीस बिऱ्हाडं. फुटाणा न मिळालेलं एकही नाही. वॉचमन तर टक् ऐकल्याशिवाय गेट लावीना. माझी बायको म्हणाली, “अंकल, यांना ओला टॉवेल दोरीवर टाकायला शिकवा.”

“फुटाने पुरायचे नाय, वहिनी.”

हसणं इथपर्यंतच. जॉली अंकलच्या बायकोची, मार्था आंटीची कुत्री. ईस्टरनंतर आंटी गेल्या. तेव्हापासून त्यांच्या वेताच्या खुर्चीजवळ कुणी गेलं की जॉली चावते. सांत्वनाला आलेले दोघे टाके घालून घरी गेले. कमिटीने बजावलं, आणखी एक चावा आणि कुत्री बाहेर. अंकल महिनाभर क्लिकर घेऊन तिला शिकवत राहिले. मग खात्री करायला कमिटीने मला पाठवलं.

अंकलनी खुर्चीकडे बोट केलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मी आधीच घेतलं होतं. बसलो.

जॉली उठली. माझा गुडघा हुंगला. मग पायाशी आडवी झाली आणि अंकलकडे बघू लागली. हवं होतं ते सगळं तिने केलं होतं.

टक् झालं नाही.

मी वर पाहिलं. अंगठा डबीवर तसाच. अंकल खुर्चीच्या हातावरच्या माझ्या हाताकडे बघत होते.

“अंकल, दाबा ना.”

“उठा, पाटील.” मग बारीक आवाजात, “नाय... बसा जरा. मग उठा.”

कमिटीला मी कळवलं, कुत्री शांत आहे, राहू द्या.

आता रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की अंकल मला सरावाला बोलावतात. मी खुर्चीत बसतो. अंकल समोर डबी धरून बसतात. जॉली वाट बघून झोपून जाते. निघताना अंकल फुटाणा देतात.

टक् अजून वाजलेलं नाही.