चाळीस मोजेपर्यंत चालणारा कॉम्प्युटर

गोष्ट सांगा म्हणे! मला काय दुसरं काम नाही? गुडघे दुखताहेत, चहा अजून आलेला नाही, आणि पुढ्यात ही वाचनालयातली सतरा पोरं आणून बसवलीत. बरं, सांगतो. पण एकदाच सांगीन. मधेच "मग काय झालं?" असं विचारायचं नाही. जे झालं तेच सांगतोय ना? आणि तू रे, पुढचा, नाकातलं बोट काढ.

तर एका जंगलात कॉम्प्युटर नव्हता.

दात काढू नका. पुष्कळ जंगलांत नसतो. पण या जंगलाला तो हवा होता, आणि उगाच नव्हता हवा. आदल्या वैशाखात तिथं वणवा लागला. माथ्यावरचा धूर पहिल्यांदा एका टिटवीला दिसला. ती धावत दरबारात गेली. दरबार म्हणाला, अर्ज लेखी पाहिजे. तिचा अर्ज होईपर्यंत सशांची अख्खी आळी जळून गेली.

मग सभा भरली. सभेत ठरलं, की माथ्यावर चार ठिकाणी उष्णता ओळखणारे डबे ठेवायचे. त्यांच्या वायरी खाली आणायच्या. खाली एक कॉम्प्युटर ठेवायचा. वर जाळ झाला की त्यानं भोंगा वाजवायचा, आणि भोंगा ऐकला की सगळ्यांनी नदीकडे पळायचं. एवढंच त्याचं काम.

"पण बांधणार कोण?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"मी बांधतो," गेणू साळिंदर म्हणाला.

हा गेणू गवताच्या उतारावर राहायचा, सशांच्या जळक्या आळीला लागूनच. एक बीळ, बायको यसू, आणि दोन पिल्लं. पिल्लांचे काटे अजून मऊ होते आणि पाय आखूड. पुढचा वणवा आला की पहिलं बीळ त्याचंच. म्हणजे गेणूला कॉम्प्युटरची हौस नव्हती, त्याला गरज होती. हौशी माणसाचं काम सुबक दिसतं. गरजवंताचं काम चालतं.

सामान सगळ्यांनी एकेक करून दिलं. गजराबाई हत्तिणीनं पत्र्याची पेटी दिली. हरणांनी वायरी दिल्या. वानरानं रॅमची पट्टी दिली, ती त्यानं कुठून ओढून आणली ते विचारू नका. कुणी पंखा, कुणी स्क्रीन. असे अकरा जण झाले. बारावे महाराज. महाराजांनी प्रोसेसर दिला, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. नवा कोरा होता, अजिबात न वापरलेला.

गेणू आठ दिवस खपला. स्क्रू पिळायला त्याला हत्यार विकत आणावं लागलं नाही. पाठीवर सगळ्या मापांचे काटे होते. नवव्या दिवशी त्यानं बिळातच कॉम्प्युटर चालू केला. सकाळी लावला तो दिवेलागणीपर्यंत चालला. भोंगाही दोनदा वाजवून पाहिला. पिल्लं भ्याली.

"चांगला ओरडतोय," यसू म्हणाली. "अगदी तुमच्या आईसारखा."

दुसऱ्या दिवशी गजराबाईनं कॉम्प्युटर पाठीवर घालून दरबारात नेला. दरबार म्हणजे महाराजांची गुहा. माथ्यावरच्या डब्यांच्या वायरी तिथवर आणून जोडल्या. तिथं दिवाण रावजी कोल्हा उभाच होता.

"गेणू, तू घरी जा, जेवूनबिवून ये," रावजी म्हणाला. "आता इथं सजावट व्हायची. सजावटीतलं तुला काय कळतंय?"

गेणू जेवून आला तर कॉम्प्युटर ओळखू येईना. ज्यानं जी वस्तू दिली तिच्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी ठोकलेली. पेटीवर 'श्रीमती गजराबाई हत्तीण यांजकडून सप्रेम भेट'. वायरींना 'कै. शिंगोजी हरीण यांच्या स्मरणार्थ'. भोंग्याच्या तोंडावरसुद्धा एक पाटी होती. मग पूजा झाली. पेटीला लाल दोरा गुंडाळला, दोऱ्यावर लाखेचं सील लावलं. गेणूच्या नावाची पाटी कुठं नव्हती. बरोबरच आहे. त्यानं काही दिलं नव्हतं, नुसता बांधला होता.

महाराजांनी बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन उजळली. तिच्यावर महाराजांचा फोटो आला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत होत्या, तोवर कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा बटण दाबलं. फोटो आला, टाळ्या आल्या, बंद.

गुहेत अशी शांतता पसरली की माशीचा आवाज यावा. माशी महाराजांच्या नाकावर बसली होती. तिला हाकलायचं धाडस कुणाला होईना.

"गेणू," महाराज म्हणाले, "आमचा फोटो विझला."

"महाराज, घरी तो दिवसभर चालला होता."

"म्हणजे इथं आमच्यासमोर चालत नाही, असं म्हणायचंय तुला?"

"पेटी उघडून बघतो."

"खबरदार!" रावजी ओरडला. "पूजा झालेली पेटी आहे. सील महाराजांचं आहे. दुरुस्ती करायची तर बाहेरून कर."

"बाहेरून कशी करू? दाढ दुखली तर वैद्य गालावरून उपटतो का?"

"होळीपर्यंत मुदत," महाराज म्हणाले. "चालला नाही तर बायकापोरं घेऊन जंगल सोडायचं."

होळीला नऊ दिवस होते.

मग काय विचारता, जंगलात जो तो कॉम्प्युटरचा डॉक्टर झाला. कावळा म्हणाला, तोंड दक्षिणेला आहे. तोंड पूर्वेला केलं. बंद पडला. अस्वल म्हणालं, माझ्या मेव्हण्याच्या रेडिओला असंच व्हायचं, आणि त्यानं वरून दोन थपडा मारल्या. बंद पडला, वर पेटीला पोचा आला. रावजीनं शेजारच्या जंगलातून एक तरस बोलावलं. गळ्यात ओळखपत्र, तोंडात इंग्रजी. तरसानं आतलं सगळं पुसायला आणि विंडोज नव्यानं टाकायला घेतलं. पुसायला लागलं की मधेच कॉम्प्युटर मरायचा, तरस पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तीन दिवस पाहुणचार झोडला आणि जाताना सांगून गेलं, "मालच हलका वापरलाय."

"ऐकलंस?" रावजी चारचौघांत म्हणाला. "हलका माल! आणि गेणूशेठ म्हणे आठ दिवस खपले."

त्या दिवसापासून लोक गेणूशी बोलताना जरा लांब उभे राहू लागले. साळिंदरापासून लांब उभं राहणं शहाणपणाचंच. पण आधी काट्यांना भिऊन राहायचे, आता त्याच्या नावाला भिऊन.

गेणू मात्र गुहेच्या कोपऱ्यात बसून आकडे मोजायचा. दुसरं काही करू देत नव्हते, मोजायला कोण अडवणार? मोजता मोजता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सकाळी पहिल्यांदा लावला की कॉम्प्युटर चाळीसपर्यंत जातो. लगेच पुन्हा लावला की दहापर्यंतच. तासभर राहू दिला की परत चाळीस.

घरी येऊन तो यसूला म्हणाला, "गार असला की चाळीस. तापला की दहा. त्याचा मेंदू तापतोय गं."

"पंखा आहे ना त्याच्यावर?"

"आहे. पंख्याखाली धातूचा ठोकळा आहे. तो मेंदूला चिकटून बसला पाहिजे, तरच उष्णता वर निघते. तव्यावर आधी ताटली ठेवलीस आणि ताटलीवर भाकरी टाकलीस तर भाजेल का?"

"मग मधे काहीतरी आलंय," यसू म्हणाली. एवढं बोलून ती पिल्लांना झोपवायला गेली. दरबारात इतके दिवस डोकी खाजवली ती सगळी एका पारड्यात घाला, हिचं एक वाक्य दुसऱ्यात.

सकाळी गेणूनं पाट्या मोजल्या. अकरा. देणारे बारा. महाराजांचीच पाटी दिसेना. झाडावर वानर शेंगा खात बसलं होतं. पाट्या त्यानंच ठोकल्या होत्या.

"काय रे," गेणू म्हणाला, "महाराजांची पाटी विसरलास वाटतं?"

"विसरतो कसा? मान ठेवायचीय मला जागेवर."

"मग कुठंय?"

"महाराजांची पाटी काय पत्र्यावर लावायची? धूळ बसेल. दिवाणजी म्हणाले, मानाच्या जागी लाव. मेंदू महाराजांचा, मग पाटी मेंदूवरच. पंखा सोडवला, पाटी ठेवली, वरून पंखा आवळला. महाराजांना वारापण लागतो." आणि वानरानं शेंगेचं साल गेणूच्या डोक्यावर टाकलं.

गेणूनं रावजीला गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. रावजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं म्हणणं," रावजी म्हणाला, "महाराजांच्या नावामुळे मेंदूला ताप होतो?"

"नावामुळे नाही. पितळेमुळे."

"हे तू मला बोललास. दुसऱ्या कुणाला बोलू नकोस. तुझी पिल्लं लहान आहेत."

होळीला दोन दिवस उरले होते.

त्या रात्री महाराज जेवून घोरत होते. दरबारही घोरत होता, कारण महाराज घोरताना जागं राहणं बरं दिसत नाही. गेणूनं सील फोडलं, दोरा सोडला, पेटी उघडली. पाटी तिथंच होती, तळहाताएवढी, उठावाच्या अक्षरांची. तिनं ठोकळा उचलून धरला होता. गेणूनं पाटी काढली, ठोकळा नीट बसवला, पेटी बंद केली आणि कॉम्प्युटर लावला.

चाळीस झाले. शंभर झाले. हजारापर्यंत त्याला मोजता येत होतं, तेवढे झाले. कॉम्प्युटर चालूच.

पाटी त्यानं फेकली नाही बरं का. पुसली, आणि पेटीच्या दर्शनी बाजूला, सगळ्यांच्या वर, सरळ रेषेत लावली. इमानदार माणूस असा स्वतःचा पुरावा स्वतःच टांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, दरबार उठायच्या आत, माथ्यावर वणवा लागला.

भोंगा वाजला. असा वाजला की दगडाखालचे विंचूसुद्धा बाहेर आले. ससे पळाले, हरणं पळाली. गजराबाई आपल्या पिल्लाला सोंडेनं ढकलत पळाली. यसूनं एक पिल्लू तोंडात धरलं, गेणूनं दुसरं. महाराज सगळ्यांच्या पुढे पळाले, कारण ते राजे. अर्ध्या तासात उतारावरचं गवत राख झालं. गेणूचं बीळही गेलं. पण नदीवर मोजदाद केली तर एक जीव कमी नव्हता. अंगावरच्या गोचिडांसकट सगळे हजर.

गजराबाई हळूच गेणूपाशी आली. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्यामुळे माझं लेकरू आज..." आणि तिनं पिल्लाला सोंडेनं जवळ ओढलं.

आग विझल्यावर सगळे गुहेत परतले. ती दगडाची, तिला काही झालं नव्हतं. कॉम्प्युटर चालूच होता. आणि रावजीची नजर पाटीवर गेली.

"सील कुणी फोडलं?"

"मी," गेणू म्हणाला.

"महाराज, बघा! तुमचं नाव मेंदूवर होतं. यानं ते उचलून दाराशी उभं केलं. भालदारासारखं!"

"पण भोंगा वाजला ना?" गेणू म्हणाला. "सगळे वाचले ना?"

"वाजायचाच होता," वानर म्हणालं. "पाटी जागेवर असती तर आणखी लवकर वाजला असता."

"तोंड पूर्वेला केल्याचा गुण आहे तो," कावळा म्हणाला.

"माझ्या थपडा विसरू नका," अस्वल म्हणालं.

महाराजांनी बराच वेळ विचार केला. म्हणजे डोळे मिटले. मग निकाल दिला. गेणूनं पाटी स्वतःच्या हातानं होती तिथं परत लावायची आणि भर दरबारात लेखी माफी मागायची.

"पाटी लावली की भोंगा बंद," गेणू म्हणाला. "पुढच्या वणव्याला काय कराल?"

"वणवा आत्ताच होऊन गेला," रावजी म्हणाला. "रोज रोज कुठे लागतो? ज्यांना निकाल मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या वर केल्या. गजराबाई खाली बघत होती. पण सोंड तिचीही वर होती.

गेणू म्हणाला, "पाटी मी लावणार नाही. माफीचं तर नावच काढू नका." आणि त्यानं पाठ फिरवली. साळिंदरानं पाठ फिरवली की त्याला कुणी अडवत नाही.

यसूनं पिल्लं उचलली. नदीपलीकडे उघडा कातळ आहे. तिथं गवत उगवत नाही, म्हणून वणवा येत नाही. पाणी लांब आहे, सावली नाही. पण झोप लागते. त्या दोघांनी तिथं एका कपारीत घर केलं.

इकडे वानरानं पाटी मानाच्या जागी परत बसवली. आता त्या जंगलात रोज सकाळी सगळे गुहेत जमतात. कॉम्प्युटर लावतात. महाराजांचा फोटो येतो. सगळे मिळून चाळीसपर्यंत मोजतात. फोटो विझला की टाळ्या वाजवून आपापल्या कामाला जातात. लहान पिल्लांना आकडे तिथंच शिकवतात. चाळीसच्या पुढचे आकडे त्या जंगलात कुणाला येत नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

तात्पर्य: मुलांनो, यंत्र बंद पडलं तर बिघाड शोधायची घाई करू नका. आधी त्याच्यावरच्या पाट्या वाचा. सगळ्यांत मोठं नाव जिथं असेल तिथं बिघाड असूच शकत नाही, हे मनाशी पक्कं धरा आणि बाकीचं सगळं बदलत राहा. म्हणजे जन्मभर काम पुरेल आणि मानही मिळेल. पेटी उघडायची फारच खुमखुमी असेल तर आधी कातळावर जागा बघून ठेवा.

झाली गोष्ट. उठा आता. यातला सिंह कोण, कोल्हा कोण, असलं काही मला विचारू नका. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त इथल्या कॉम्प्युटरची पेटी उघडली म्हणून मला चारचौघांत बोल लावला, त्याबद्दल माझी माफी मागायची अजून राहिली आहे, ती वाचनालयाचे अध्यक्ष भालचंद्र खोपकर यांनी.