घमापूरचे पुणेकर

कार्यक्रमाचं नियोजन कसं करावं, हे माझ्याकडून शिकावं! जबलपुरातल्या आमच्या विद्यापीठात दर हिवाळ्यात बहुसांस्कृतिक मोसम चालतो. दर शनिवारी एका प्रांताचं नाच-गाणं, एक पाहुणा वक्ता आणि शेवटी परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा कार्यक्रम. सात वर्षं मीच त्याचा संयोजक. मणिपुरी नर्तकांना मी थंडी वाजू दिली नाही, की केरळच्या वक्त्याला भातावाचून ठेवलं नाही. असा माणूस मी! यंदा पहिल्यांदाच मराठी शनिवार मिळाला, तेव्हा बायकोला, पद्मजाला, छाती फुगवून सांगितलं, "रत्नाकरकाकांना स्टेजवर बसवतो की नाही, बघच!"

रत्नाकरकाका जबलपुरातल्याच घमापूर मोहल्ल्यातले. फॅक्टरीतून रिटायर झालेले. चाळीस वर्षं सुटीच्या दिवशी सायकलवर फिरून त्यांनी इथल्या मराठी बायकांची गाणी उतरवून घेतली. पाळण्याची, लग्नाची, अगदी भांडणातलीसुद्धा! अकरा वह्या भरल्या. त्या वह्यांना आजवर वाळवीशिवाय वाचक मिळाला नव्हता.

मी फॉर्म भरून कुलगुरूंकडे नेला. त्यांनी पत्ता वाचला आणि चहात झुरळ दिसावं तसा चेहरा केला.

"घमापुर? नरहर जी, घमापुर से तो हमारा प्लंबर आता है! अतिथि मतलब बाहर का आदमी. पुणे-वुणे से किसी को बुलाइए."

इथे स्वाभिमानी माणसाने काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. मी बाहेर येऊन 'घमापूर' खोडलं आणि 'पुणे' लिहिलं. अर्ध्या तासाने तोच फॉर्म पुन्हा नेला. कुलगुरूंनी नाव न वाचताच सही ठोकली! मी स्वतःवर इतका खूश झालो, की घरी जाताना खव्याची जिलेबी खाल्ली.

दोन दिवसांनी स्वागत समितीचे प्राध्यापक अनुपम तिवारी आले. "नरहर जी, पुणे वाली गाड़ी सुबह आती है न? मैं खुद स्टेशन जाऊँगा, हार लेकर!"

काकांना खरं सांगायची हिंमत नव्हती. फोन लावला.

"काका, विद्यापीठाची कार तुमच्या गल्लीत शिरत नाही. शनिवारी स्टेशनावर याल का? एक नंबर प्लॅटफॉर्मवर?"

"प्लॅटफॉर्मवर काहून? बाहेर उभा राहतो नं."

"तिथे... हार घालणार आहेत, काका."

"अच्छा!" काका चक्क लाजले. "चलो, येतो मग."

शनिवारी काका इस्त्रीच्या कोटात, पिशवीत अकरा वह्या घेऊन, प्लॅटफॉर्म तिकीट काढून उभे! अनुपमजींनी हार घातला.

"सफर कैसा रहा, सर?"

"धक्के बहुत लगे," काका म्हणाले. ते ऑटोबद्दल बोलत होते.

"गाड़ी लेट थी क्या?"

"नहीं तो. बीस मिनट में पहुँचा दिया."

"सिर्फ बीस मिनट लेट! वाह!"

मी घाईघाईने दोघांना कारमध्ये कोंबलं. वाटेत अनुपमजी पाहुण्याला शहर दाखवू लागले. "सर, ये घमापुर है. यहाँ जेब संभालनी पड़ती है."

काका माझ्या कानाशी लागले. "हा मला काहून सांगून राहिला?"

"नवीन आहेत, काका."

हॉल गच्च भरला होता. कुलगुरूंनी काकांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवरच आपुलकीने विचारलं, "पुणे में मौसम कैसा है, सर?"

"मुझे क्या मालूम!"

कुलगुरू हसले. विद्वान माणूस विनोद करतोय, असं त्यांना वाटलं. "पहली बार आए जबलपुर?"

"पहली बार?" काका गोंधळले. "मैं यहाँ से गया ही कहाँ हूँ!"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बी.ए.ची दुर्वा टुणकन उठली. "सर, ये तो हमारे बाजू वाले काका हैं! घमापुर के!"

पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा हॉल हसला. कुलगुरूंचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. माइक बाजूला न करताच ते गरजले, "नरहर जी! ये क्या है?"

मला फक्त 'सर, चूक माझी' म्हणायचं होतं. तीन शब्द! हिंदीतही फार होत नाहीत. पण डोळ्यांपुढे सात वर्षांचं संयोजकपद आलं, पुढच्या महिन्यातली बढती आली, आणि तोंडून निघालं, "सर, इन्होंने ही पुणे बताया था."

माइक चालूच होता. माझं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, तर शेजारी उभ्या काकांपर्यंत न जायला काय झालं!

काकांनी हार काढून टेबलावर ठेवला. शालीची नीट घडी केली, तीही ठेवली. वह्यांची पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले. उतरताना एकदा पाय अडखळला, तेव्हा दुर्वाने धावत जाऊन हात दिला. मी नाही. कुलगुरूंनी हाताने खूण केली, आणि शेवटी ठेवलेलं नायजेरियन विद्यार्थ्यांचं ढोलवादन आधीच सुरू झालं. पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

मी पळत गेटवर गेलो. "काका, कारने सोडतो तुम्हाला."

"नको," काका शांतपणे म्हणाले. "मला रस्ता माहीत आहे."

मी परत आलो. आभारप्रदर्शन माझ्याकडेच होतं. मी सगळ्यांचे आभार मानले.

संध्याकाळी पद्मजा बँकेतून आली. पर्स ठेवायच्या आधीच विचारलं, "काका कोणती गाणी म्हणाले हो?"

"ऐकूच आलं नाही गं," मी मोज्यांकडे बघत म्हणालो. "ढोल फार जोरात होते."

खोटं नाही हं. ढोल खरंच जोरात होते!