आपटा नाय ओ, कांचन आहे!

"या कॉलनीत झाडं सगळ्यांच्या दारात आहेत. बाग मात्र एकाच घरी!"

असं सत्यशीला चारचौघींत मान ताठ करून सांगायची, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटं नव्हतं. देवळाईकडच्या त्या रो-हाऊस कॉलनीत बाकीच्यांच्या दारात कुंडीतले क्रोटन होते, गुलाब होते, रुमालाएवढं लॉन होतं. टँकर चुकला की सगळं एकदम आजारी पडायचं. सत्यशीलाच्या अंगणात मात्र तरवड पिवळाधमक फुललेला, निर्गुडी, बेल, बहावा, करवंद सगळे आपापल्या जागी खुशाल! कारण सत्यशीला शिकलेली होती. गावातल्या काही झाडवेड्या मंडळींनी दर रविवारी देशी झाडांचा वर्ग चालवला होता, आणि तिथं श्रीनिवास सर शिकवायचे. सर कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पण झाडाबद्दल बोलायला लागले की पेन्शनीतला माणूस वाटत नसत.

सरांचे नियम कडक. झाड इथल्या मातीतलं हवं. रासायनिक खत नाही, औषध नाही, नळाचं पाणी नाही. घरातलं वापरलेलं पाणी चालेल, पण त्यात साबण नको. हा शेवटचा नियम पडला तिच्या नवऱ्यावर, भारतवर! न्हाणीघरातला पाइप थेट बागेत काढलेला असल्यामुळे तो बिचारा कित्येक दिवस बेसनानं अंघोळ करत होता. शेंद्र्याच्या कंपनीत त्याच्या शेजारी काम करणाऱ्यांना दिवसभर उगाच भजी खावीशी वाटायची.

बागेतलं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे आपटा. करमाडजवळ माहेरच्या बांधावरून तिनं शेंगा आणल्या होत्या, बी रुजवलं होतं, आणि आता झाड तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. अख्ख्या कॉलनीत दुसरा आपटा नव्हता. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवास सर बाग तपासायला येणार होते! बाग पसंत पडली की पुढच्या वर्गाची मंडळी सत्यशीलाच्या अंगणात बसून शिकणार, आणि शिकवणार कोण? सत्यशीला! आजवर तिच्याकडे लोक वाटीभर साखर मागायला आले होते, लग्नात पोळ्या लाटायला बोलावणं आलं होतं, पण काही शिकायला कुणी आलं नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

आता यात एकच घोटाळा होता. सरांची तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि दसऱ्याला आपट्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

दसऱ्याला सकाळीच गेट वाजलं. शेजारच्या कालिंदीकाकू! हातात पिशवी. चांगली भाजी आणायची मोठी पिशवी!

"अगं सत्यशीला, काय सुंदर झालाय गं तुझा आपटा!" काकूंनी पान कुरवाळलं. "चारच पानं घेते. पूजेला, देवळात, आमच्या वहिनीकडे, लेकीच्या, मृण्मयीच्या सासरी..."

सत्यशीलाला डोळ्यांपुढे पानं ओरबाडलेल्या आपट्याची नुसती काठी दिसली. तिच्या तोंडून भसकन निघून गेलं, "काकू, तो आपटा नाय ओ! कांचन आहे!"

"कांचन?" काकूंनी चष्मा नाकावर वर सरकवला. "कांचनाची पानं चांगली तळहाताएवढी असतात. ही एवढीशी कशी?"

"पाणी कमी पडलं ना, काकू."

काकूंचा चेहरा लगेच कळवळला. या शहरात पाणी कमी पडलं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. काकू रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या, आणि सत्यशीलानं मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हे आपट्याचे झाड नाही. कांचन आहे.' सुतळीनं पाटी झाडाला बांधली आणि ती पुरण वाटायला आत गेली.

काकू मनानं फार चांगल्या. लोकांना हेलपाटा पडू नये म्हणून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'सत्यशीलाकडे आपट्यासाठी कुणी जाऊ नये. तो कांचन आहे.' तोपर्यंत सत्यशीलाच्या झाडाकडे निम्म्या कॉलनीचं लक्षच नव्हतं! आणि त्याखाली लगेच कडुबाभाऊंचा आवाज आला. कडुबाभाऊ एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांचा आवाज मोबाइलमधून आला तरी माणूस आपोआप पुढं सरकायचा.

"अहो चालतंय की कांचन! सोनं देताना पान कोन निरखून बघायलंय? शहागंजच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाय, सकाळधरनं हिंडून रिकामा आलो. वैनीकडंच चला सगळे!"

दुपारची जेवणं झाली आणि गेटवर ही गर्दी! पुढं कडुबाभाऊ, मागं त्यांच्या गल्लीतली सगळी, आणि आपला पहिला हक्क म्हणून कालिंदीकाकू, पुन्हा ती पिशवी घेऊन.

"वैनी, घाबरू नका," कडुबाभाऊ म्हणाले, "आपटा नाय तर नाय. आमाला कांचन लई झालं!"

सत्यशीला झाडापुढं हात पसरून उभी राहिली. आता काय बोलावं? आपटा म्हणावं तरी गेलं, कांचन म्हणावं तरी गेलं!

"हात नका लावू! औषध मारलंय त्याच्यावर!"

"कसलं?"

"लई जहाल! किडीचं!"

कडुबाभाऊंनी पुढं केलेला हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. सत्यशीलाला धीर आला. तिनं आतून पेन आणून पाटीवर दुसरी ओळ लिहिली, 'विषारी फवारणी केली आहे. हात लावू नये.' शिवाय खाली एक कवटी काढली. ती जरा हसरी निघाली, पण घाईत तेवढं चालायचंच. गर्दी दोन पावलं मागं सरली. झाड वाचलं!

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "अगं, मी सकाळी हात लावला होता ना त्याला..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कालिंदीकाकूंच्या हातातली पिशवी गळून पडली होती.

"आणि त्याच हातानं मी पुरण चाखलं!" काकू ओट्यावर बसल्या, मग टेकल्या, मग आडव्याच झाल्या. "मला गरगरतंय. माझी जीभ जड झाली गं!"

"काकू, तुमी तर चांगल्या बोलायलात की," कुणीतरी म्हणालं.

"जड झालीय म्हणून एवढंच बोलतेय!"

मग काय विचारता! कुणी कांदा फोडून आणला, कुणी पायताण हुंगवायला निघालं, कुणी मीठ-पाणी पाजा म्हणालं, कुणी अजिबात पाजू नका म्हणालं. कडुबाभाऊंनी रस्त्यावरची रिक्षा अशी हाळी मारून थांबवली की पलीकडची दुसरीही थांबली.

"वैनी, औषधाची बाटली द्या! दवाखान्यात आधी तेच इचारतेत, कंच्या औषधानं झालं म्हणून!"

"बाटली... टाकली."

"कुठं टाकली? शोधू!" आणि लोक खरोखरच कचऱ्याच्या डब्याकडे धावले.

एवढ्या गलक्यानं पुरणपोळी खाऊन झोपलेला भारत डोळे चोळत बाहेर आला. कडुबाभाऊंनी त्याचा दंड धरला. "भारत, औषधाची बाटली कुठंय?"

"औषध? आमच्या घरात?" भारतला खरंच हसू आलं. "भाऊ, आमच्या घरात साबण नाय ओ! औषध कुठलं?"

सत्यशीलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उभ्या उभ्या पुन्हा झोपल्यासारखा गप्प झाला. इकडे काकूंनी डोळे मिटून मृण्मयीला फोन लावायला सांगितला. आणि त्याच घटकेला गेटपाशी एक जुनी स्कूटर येऊन थांबली. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, ओठांवर हसू. श्रीनिवास सर!

"म्हटलं, तपासणी उद्या आहेच, पण आज सणाचं भेटून..." सरांचं बोलणं अर्ध्यातच राहिलं. ते पाटी वाचत होते. आधी वरची ओळ वाचली, मग खालची. मग बराच वेळ कवटीकडे बघत राहिले.

"सत्यशीलाताई," सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "वर्षभर मी तुम्हाला आपटा आणि कांचन शिकवला. हा कांचन? आणि माझ्या वर्गातल्या बागेत विषारी फवारणी?"

 एका बाजूला काकू रिक्षात चढवल्या जात होत्या, दुसऱ्या बाजूला सर स्कूटर वळवायला लागले होते. ज्या दिवसासाठी नवऱ्याला बेसन लावलं, तो दिवस असा डोळ्यांदेखत चालला होता! सत्यशीलाला रडूच फुटायचं बाकी होतं. तिनं पाटी ओढून काढली, आपट्याचं एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि सगळ्या कॉलनीपुढं कचाकचा चावलं.

"सर, आपटाच आहे ओ! बांधावरचा, देशी! औषध-बिवषध काय नाय! पानं जातील म्हणून मी खोटं बोलले! सकाळधरनं नुसतं खोटं बोलायले!"



मग रिक्षातून काकूंचं डोकं बाहेर आलं. "आपटाच आहे ना? मी सकाळीच म्हटलं होतं!"

काकू टुणकन उतरल्या. गरगरणं नाही, जीभ जड नाही, काही नाही! पिशवी उचलून त्या सगळ्यांच्या आधी झाडापाशी पोचल्या. त्यांच्या मागं कडुबाभाऊ, त्यांच्या मागं गल्ली, आणि सगळ्यात शेवटी तो रिक्षावालाही, कारण सण त्यालाही होता. इकडून ओरबाड, तिकडून वाकव!

"फांदी मोडू नका! पान खुडा, देठापासून खुडा!" सर गर्दीबाहेरून शिकवत होते. थोड्या वेळानं शेंड्याला तेवढी पानं उरली, कुणाचा हात पोचत नव्हता म्हणून. सर उंच होते. त्यांनी टाचा उंचावल्या, ती खुडली आणि सत्यशीलाच्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मी आज फक्त भेटायला आलो होतो, ताई. तपासणी उद्याच आहे."

संध्याकाळी सीमोल्लंघन करून सगळी कॉलनी रीतीप्रमाणं सोनं द्यायला घरोघर फिरली. सत्यशीलाकडे तर जास्तच आली, मनाला जरा लागलं होतं ना सगळ्यांच्या! जो येईल तो तिच्याच झाडाची पानं तिच्या हातावर ठेवून 'सोन्यासारखं राहा' म्हणायचा. परात भरली. भारतनं परातीकडे पाहिलं, खिडकीतून काठीकडे पाहिलं, आणि बायकोची समजूत काढायला म्हणाला, "पान अन् पान परत आलं की! फक्त झाडावर नाय, एवढंच."

त्या रात्री सत्यशीला त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. बेल बघितला, तरवड बघितला, पाइपाखालची माती हुंगली, ती बेसनासकट पसंत केली. शेवटी उघड्याबोडक्या आपट्यापाशी थांबले. सत्यशीला खाली मान घालून उभी होती.

"औषध नाही हे तुम्ही चावून दाखवलंत," सर म्हणाले. "आपटा आहे हे अख्ख्या कॉलनीनं ओरबाडून दाखवलं. आणखी मी काय तपासू? पालवी फुटेल पुन्हा, त्याला दर दसऱ्याला सवय करावीच लागणार आहे. रविवारपासून वर्ग तुमच्याकडे."

सत्यशीलाचे डोळे भरून आले. शनिवारी तिनं अंगण सारवलं, सतरंज्या अंथरल्या, भारतला नवा सदरा घालायला लावला. रविवारी पाहते तो काय, बाहेरची मंडळी तुरळक आणि अख्खी कॉलनी शिकायला हजर! पहिल्या रांगेत कालिंदीकाकू, त्यांच्या शेजारी कडुबाभाऊ. तिचा ऊर भरून आला. तिनं पदर खोचला, पहिल्या झाडापाशी गेली आणि शिकवण्याच्या सुरात म्हणाली, "हे बघा, हा बहावा."

 काकूंनी चष्मा वर सरकवला. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"वैनी," कडुबाभाऊ आपल्या परीनं अगदी हळू म्हणाले, ते फक्त कोपऱ्यापर्यंतच ऐकू गेलं, "आता सणबिण झाला. आता तरी खरं सांगा."

आणि मग सत्यशीलाबाईंनी आपला पहिला वर्ग घेतला, एकेका झाडावर हात ठेवून, देवाशपथ सांगत.