आरमारी तलवारींचं आमंत्रण

दसऱ्याला तलवारींची पूजा करायची आणि साऱ्या बिल्डिंगला बोलवायचं, असं हिरामणकाकांनी ठरवलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

तलवारी आरमारी होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज बोटींवरच्या, मुठीवर पितळी नांगर असलेल्या. काकांनी त्या भंगारातून, लिलावातून एकेक करून जमवल्या. पूर्णेच्या गोदामातली नोकरी संपली, काकी गेल्या, आणि घरात भिंतीवर तलवारी अन् खाली काका, एवढंच उरलं. दाराशी यायचा तो कुरिअरवाला. काका त्यालाही नांगर दाखवायला जायचे. तो म्हणायचा, "ओटीपी सांगा."

म्हणून काकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या सकाळी सर्वांनी माझ्याकडे जमावे. तलवारी बाहेर काढणार आहे. एकेकाच्या हातात देईन.’ (पूजेचं लिहायचं राहूनच गेलं.)

सकाळी त्यांनी तलवारींना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, पातेलंभर बासुंदी आटवली. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. साऱ्या दारांना आतून कड्या.

अखेर बेल वाजली. दारात हवालदार दिनेश आणि शिपाई प्राजक्ता.

"तलवारी कुठायत?"

"या ना, या!" काकांनी दार सताड उघडलं. तलवारींविषयी आपणहून विचारणारं हे पहिलंच माणूस!

मग काकांनी मूठ दाखवली, मुठीवरचं माशाचं कातडं दाखवलं, पात्यावरची नक्षी दाखवली. दिनेशने पात्यावरून अंगठा फिरवला.

"काका, हिच्यानं काकडी तरी कापंल का?"

"न्हाय हो. ही मिरवायची."

"मग मेसेज नीट लिहा जरा. खालच्या शमीमआपांनी पोरांना शाळेत न्हाय धाडलं."

"आज शाळेला सुट्टीच हाय," प्राजक्ता हळूच म्हणाली.

बासुंदी संपवून दोघं उठले. काका दाराशी आडवे आले. "थांबा! धारेची एक हाय. पलंगाखाली."

पलंग सरकला, गाद्या उलटल्या, माळा उपसला. काका मोठ्या उत्साहाने मदत करत होते. तलवार काही निघाली नाही.

प्राजक्ताने कपाळावरची धूळ पुसली. "काका, खरं सांगा. हाय का?"

"न्हाय."

"मग बोललात कशाला?"

काका पातेल्याकडे वळले. "अजून वाटीवाटी होईल."

दिनेशने कपाळाला हात लावला. प्राजक्ताने मात्र वाटी पुढे केली.

ते गेले. दार लावणार तेवढ्यात समोरच्या भावेशने कडी काढून मान बाहेर घातली. काकांनी घाईघाईने सदरा नीट केला. "ये, ये! तलवारी बघायला ना?"

"छे हो काका," भावेश जिन्यात डोकावत म्हणाला, "पोलीस बघायला. गेले पण?"